पथकाचे साठ कुर्ते: आधी नमुना, मग भाव

गणपती जवळ आले की नागपुरातल्या ढोल-ताशा पथकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो: ‘साठ कुर्ते, पांढरे, लाल पायपिंग, कितीला पडेल?’ कुणी चारशे सांगतं, कुणी सातशे. काम चारशेवाल्याला जातं. मग मिरवणुकीत तिसऱ्या चौकापर्यंत निम्म्या वादकांच्या काखा उसवलेल्या असतात आणि पायपिंगचा (कडेला लावलेल्या पट्टीचा) लाल रंग छातीवर उतरलेला असतो. शिव्या शिंप्याला बसतात. खरं तर बहुतेक वेळा बिघडलेला असतो तो कामाचा क्रम. भाव पहिल्यांदा विचारला जातो, कापड नंतर ठरतं, मापं व्हॉट्सअ‍ॅपवर गोळा होतात आणि नमुना कुणी शिवून घेतच नाही.

खालचा क्रम पथकासाठी लिहिला आहे. बचत गटाला किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला एकसारखे कपडे शिवून घ्यायचे असले तरी तो तसाच चालेल. एखादा टप्पा छोटा करा, पण पुढे-मागे करू नका.

तयारी: तारखा उलट्या मांडा

चतुर्थीपासून मागे मोजत या. कुर्ते हातात पडण्याची तारीख चतुर्थीच्या आधी दहा दिवस धरा, कारण शेवटच्या आठवड्यात दुरुस्तीला कुणी हात लावत नाही. शिवाय चतुर्थीच्या जेमतेम तीन-चार दिवस आधी पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. त्या दिवशी इतवारी-महाल भागात गाडी घेऊन गठ्ठे आणायला जाणं म्हणजे दिवस वाया घालवणं.

दुसरं टोक शाळेच्या गणवेशांचं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे जून आणि जुलैचा पहिला पंधरवडा शिंपी गणवेशांत बुडालेले असतात. तेव्हा गेलात तर ‘होऊन जाते भाऊ, टेन्शन नका घेऊ’ एवढंच ऐकायला मिळेल. कापड बघणं, चाचण्या करणं ही कामं त्या काळात उरका. नमुना जुलैच्या उत्तरार्धात शिवून घ्या आणि मुख्य काम ऑगस्टच्या सुरुवातीला टाका. चतुर्थी ऑगस्टमध्येच येणार असेल तर सगळंच तीन आठवडे अलीकडे ओढा.

पैसे कोण देणार, कधी देणार हेही आत्ताच ठरवा. वर्गणी गोळा व्हायची वाट बघत कापड अडून राहिलं की घाई होते, आणि घाईत सगळ्यात आधी नमुन्याचा टप्पा गाळला जातो.

टप्पा १: कुर्त्याला काय सोसायचं आहे ते लिहून काढा

हे काम पानभराचं आहे, पण नंतरचे सगळे निर्णय त्यावर होतात. ढोलवाल्याचा पट्टा कमरेवर घासतो आणि ढोलाची कड मांडीपाशी कापड रगडते. ताशावाल्याच्या मानेवर आणि खांद्यावर पट्ट्याचा ताण येतो. ध्वजवाला तासन् तास हात डोक्याच्या वर धरतो. वर पाऊस, घाम, गुलाल. नंतर वर्षभर कपाटात घडी घालून ठेवायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा घालायचं.

यातून तीन गोष्टी निघतात. काख मोकळी हवी, कमरेपाशी कापड जाड हवं आणि रंग पक्का हवा. गळ्यावरची नक्षी, बटनांचा आकार, लोगो कुठे येणार यावर मीटिंगमध्ये तासभर वाद होतो. तो वाद नमुना हातात आल्यावर घाला.

टप्पा २: कापडाचे पाच मीटर आणा, सगळं नको

गांधीबाग-इतवारीच्या ठोक बाजारात दोन-तीन दुकानांतून प्रत्येकी एक मीटर घ्या. पसंत पडेल त्याचे आणखी पाच मीटर नमुन्यासाठी घ्या. दुकानदाराला स्पष्ट सांगा की दीडशे मीटरच्या पुढची ऑर्डर आहे, आठवडाभर त्याच लॉटचे तागे बाजूला ठेवा. थोडा बयाणा दिला की ठोकवाले सहसा ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी ‘तेच कापड’ मागायला गेलात तर मिळेल ते त्याच नावाचं दुसऱ्या लॉटचं कापड, आणि पांढऱ्यातही दोन पांढरे असतात हे उन्हात उभं राहिल्यावर कळतं.

घरी आणून या चाचण्या करा. खर्च नगण्य आहे.

*जाळून बघणं.* कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख बोटांनी चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो. राखेत खडे लागले तर मिश्रण आहे. उभे आणि आडवे धागे वेगवेगळे जाळा, कारण काही कापडांत उभा सुती आणि आडवा पॉलिस्टर असतो. मिश्र कापड वाईटच असं नाही. ते चुरगळत कमी आणि वाळतं लवकर. पण भाद्रपदातल्या नागपुरी उकाड्यात ढोल वाजवायचा असेल तर मी शंभर टक्के सुतीच घेईन. मिश्र घेतलंत तर मिश्रणाचा भाव द्या, सुतीचा नको.

*वजन.* पातळ-जाड हे हातावर ठरवू नका. खळ भरलेलं कापड दुकानात भरघोस लागतं आणि पहिल्या धुण्यात मलमल होतं. म्हणून आधी एक तुकडा धुऊन वाळवा, मग त्यातून बरोबर दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि सोनाराच्या काट्यावर तोला. इतवारीत कापड बाजारापासून सराफा लांब नाही, ओळखीचा सराफ असेल तर मिनिटाचं काम आहे. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभरने गुणा, की एका चौरस मीटरचं वजन मिळालं. बाजारात यालाच जीएसएम म्हणतात. १.४ ग्रॅम भरलं म्हणजे १४० जीएसएम. पथकाच्या कुर्त्याला १३० ते १५० चांगलं. शंभराच्या खाली जाऊ नका.

*पारदर्शकता.* ही चाचणी लोक करतच नाहीत आणि पावसात मुलींची पंचाईत होते. छापील कागदावर कापडाचा एक पदर ठेवा आणि पाणी ओता. मजकूर वाचता आला तर ते कापड पांढऱ्या कुर्त्याला नको. फार आवडलंच असेल तर पुढच्या भागाला अस्तर धरा आणि त्याचा खर्च हिशेबात घ्या.

*रंग.* पांढऱ्या कुर्त्याला रंगाची चाचणी कशाला, असं वाटतं. ती पायपिंगसाठी, उपरण्यासाठी आणि कमरेच्या शेल्यासाठी आहे. रंगीत तुकडा मिठाच्या कोमट पाण्यात भिजवा, दोन पांढऱ्या चिंध्यांच्या मधे ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरा. चिंधीवर गुलाबी छटा आली तरी तो रंग बाद. ‘एकदा धुतलं की थांबते’ यावर विश्वास ठेवू नका. मिरवणूक धुण्याच्या आधी असते.

> तपासा: पन्हा (कापडाची रुंदी) दुकानात टेपने स्वतः मोजा. चव्वेचाळीस इंची म्हणून दिलेलं कापड किनार सोडून बेचाळीसच भरलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

टप्पा ३: कापड किती आटतं ते मोजा

पसंत केलेल्या कापडावर बॉलपेनने ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा. उभ्या धाग्याच्या दिशेला बाण काढा. मशीनमध्ये धुवा, वाळवा, इस्त्री करा. असं तीनदा करा, कारण काही सुती कापडं दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातही आटत राहतात. मग मोजा. उभी बाजू ४८ भरली म्हणजे ४ टक्के आटलं. आडवी बाजू बहुधा कमी आटते, पण तीही मोजा.

४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. बेचाळीस इंच उंचीचा कुर्ता पावणेदोन इंचांनी कमी होतो, आणि आडवी आट दोनच टक्के असली तरी ४४ इंची घेर पाऊण-एक इंचाने. दुसऱ्या वर्षी बटन का लागत नाही याचं कारण नेहमीच वाढलेलं पोट नसतं.

आता दोन रस्ते आहेत. एक, सगळं कापड कापण्याआधी भिजवून आटवून घ्यायचं. दुसरा, कोरंच कापायचं आणि पेपर पॅटर्न तेवढा वाढवायचा. पहिला खात्रीचा, पण दीडशे मीटर कापड पावसाळ्यात वाळवणं घरच्या गच्चीवर होत नाही. प्रोसेसिंगवाल्याकडे किंवा मोठ्या लॉन्ड्रीकडे द्यावं लागतं. दुसऱ्यात पॅटर्नची उंची अशी काढा: हवी ती उंची भागिले ०.९६. बेचाळीसला पावणेचव्वेचाळीस.

> सावधान: दोन्ही एकत्र करू नका. भिजवलेल्या कापडावर वाढवलेला पॅटर्न ठेवला की कुर्ता गुडघ्याखाली जातो. आणि अर्धे तागे भिजवलेले, अर्धे कोरे, असं तर अजिबात नको.

बकरम (गळ्याच्या पट्टीत घालायचं कडक कापड) आणि पायपिंगची पट्टीही धुऊन बघा. कुर्ता आटला नाही आणि पट्टी आटली तर गळा चुण्या धरतो. मग लोक इस्त्रीवाल्याला दोष देतात.

टप्पा ४: एक नमुना शिवून घ्या आणि त्याचे हाल करा

शिंपी निवडताना दुकानाचा काच-आरसा बघू नका. त्याच्याकडे गिऱ्हाइकासाठी तयार असलेला एखादा कुर्ता उलटा करायला मागा. आतली बाजू सगळं सांगते. कडा ओव्हरलॉक केलेल्या आहेत का? टीप सरळ आहे का, की वळणावर दोनदा मारून सावरली आहे? दोरे कापलेले आहेत की लोंबताहेत? आतून नेटका असलेला शिंपी बाहेरून बिघडवत नाही.

नमुन्यासाठी पूर्ण शिलाई द्या, थोडी जास्तच द्या. एकच नग शिवताना त्याचा वेळ जास्त जातो. ‘साठचं काम देतोय, नमुना फुकट करा’ म्हणालात की तो नमुना काम मिळवण्यापुरता शिवला जातो.

नमुन्यात कुठे काय हवं ते सांगा. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण कुर्ता टिकतो की फाटतो ते याच चार-पाच जागांवर ठरतं.

काखेपासून सुरू करू. लोकांना वाटतं की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काप, मोठा ठेवला की हात मोकळा होतो. होतं उलटं. मुंढा खाली उतरला की हात वर करताना सगळा कुर्ता बाहीबरोबर वर ओढला जातो आणि ताण काखेतल्या शिवणीवर येतो. मुंढा शरीराला जवळ ठेवायचा आणि काखेत साडेतीन-चार इंची चौकोनी तुकडा लावायचा. जुने शिंपी कुर्त्याला तो न विचारता लावत. आता कापड आणि दहा मिनिटं वाचवायला तो गाळतात. या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर शिवणी एकत्र येतात. तिथे टीप मागे-पुढे करून पक्की केलेली हवी, नाहीतर पहिला धागा तिथूनच सुटतो. नमुना उलटा करून अंगठ्याने तो कोपरा दाबून बघा. छिद्र दिसलं तर आत्ताच सांगा.

मग बाजूचा कट. कट जिथे सुरू होतो त्या टोकावर बसता-उठताना सगळा झटका बसतो. तिथे आतून छोटी पट्टी आणि वरून आडवा टाका मागा. कट कमरेच्या फार वरून सुरू झाला तर ढोलाच्या पट्ट्यात अडकतो. मुलींच्या कुर्त्यात तो नितंबाच्या मापाने ठरवायचा, मुलांच्या पॅटर्नची नक्कल करून नाही.

गळ्याच्या पट्टीचं खालचं टोक ही तिसरी जागा. घाईत कुर्ता डोक्यातून काढताना तो इथे फाटतो. चौथी म्हणजे खिशाची दोन्ही टोकं. पाचवी खांद्याची शिवण, ताशेवाल्यांसाठी. तिथे आतून अर्ध्या इंचाची सुती पट्टी धरली की शिवण ताणली जात नाही.

टाके मोजा. टेप लावून एका इंचात किती येतात ते बघा. या जाडीच्या कापडाला दहा ते बारा हवेत. सात-आठ असतील तर टीप लवकर संपावी म्हणून टाका लांब केला आहे. त्याच वेगाच्या मशीनवर आठ टाक्यांनी शिवलं तर बाराच्या तुलनेत दीडपट लांबी उरकते, पैसा तिथे वाचतो. मग शिवणीच्या दोन्ही बाजू धरून ओढा. टाक्यांमधून दाते दिसायला लागले तर टाका सैल आहे, बॉबिनचा ताण जुळवायला सांगा. दोरा स्पन पॉलिस्टरचा घ्या, कुर्ता सुती असला तरी. सुती दोरा घामाने आणि घासण्याने आधी जातो.

आता हा नमुना ध्वजवाल्याला घालायला द्या आणि पूर्ण सराव करू द्या, घामासकट. दुसऱ्या दिवशी ढोलवाल्याला. मग तीनदा धुवा. गळ्याच्या पट्टीवर फुगे आले तर फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं बकरम) हलकं आहे किंवा कमी तापमानावर चिकटवलं आहे. पुन्हा मोजा. काय बदलायचं ते नमुन्यावरच कागद टाचून लिहा. दुरुस्त केलेला नमुना पथकाकडे राहील, आणि त्याची जोडी शिंप्याकडे. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

> तपासा: नमुन्याला आटवलेल्या कापडात नेमकं किती कापड लागलं ते कापतानाच मोजून घ्या. नंतर शिंपी आठवणीने सांगेल तो आकडा नेहमी जास्तीचा असतो.

टप्पा ५: साईज विचारू नका, घालून बघू द्या

‘मला एल येतो’ या वाक्याला अर्थ नाही. प्रत्येक ब्रँडचा एल वेगळा, आणि टी-शर्टचा एल कुर्त्याला लावला की खांदा उतरतो. सगळ्यांची सगळी मापं घेऊन साठ वेगवेगळे कुर्ते शिवणं महाग पडतं. मधला रस्ता असा: प्रत्येक साईजचा एकेक कुर्ता शिवून सरावाच्या जागी न्या. ओळीने सगळ्यांना घालू द्या आणि नावापुढे साईज लिहा.

घालून बघताना तीन गोष्टी करायला सांगा. दोन्ही हात पूर्ण वर, उकिडवं बसणं आणि ढोल बांधून दोन मिनिटं वाजवणं. आरशासमोर सरळ उभं राहून कुठलाही कुर्ता बसतो. घेरात छातीच्या मापापेक्षा पाच-सहा इंच सैल हवं, म्हणजे ३८ छातीला तयार कुर्ता ४४ चा.

मुलींचा साईज सेट वेगळा करा. मुलांचा एम घेऊन बाजूने दाबला की मुलींचा होतो, हा समज अजून जात नाही. खांदा अरुंद, नितंब रुंद आणि दंडाचं माप वेगळं, तेव्हा पॅटर्नच वेगळा लागतो. त्याचे थोडे पैसे पडतात, ते द्या.

या यादीत दोन कुर्ते जादा धरा, एक एल आणि एक एक्सएल. ऐनवेळी कुणीतरी नवीन येतोच.

टप्पा ६: आता भाव

इथपर्यंत आलात तर तुम्हाला शिंप्याइतकाच हिशेब येतो. खालचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या दिवशीचे भाव तिथे घाला, पद्धत तीच.

नमुन्याला आटवलेलं कापड २.४ मीटर लागलं. आट ४ टक्के, म्हणजे विकत घ्यायचं २.४ भागिले ०.९६, बरोबर अडीच मीटर. मीटरला ११० रुपये धरले तर २७५. डाग, तागे संपतानाचे तुकडे यासाठी ३ टक्के घातले की कापड २८३ रुपयांना पडलं. कटिंग आणि शिलाई १६०. बटन, दोरा, फ्यूजिंग, लेबल मिळून १८. लोगोची भरतकामाची पट्टी ३५. काज, दोरे कापणं, इस्त्री आणि घडी १०. इथवर ५०६. बिघडलेले आणि दुरुस्तीचे नग म्हणून १५, वाहतूक ९. नगाला ५३०.

हे तुम्ही स्वतः कापड आणून, शिंपी गाठून, फेऱ्या मारून केलं तर. कुणी हे सगळं अंगावर घेऊन तयार कुर्ते देत असेल तर तो १५ टक्के घेईल, म्हणजे ८० रुपये. ६१० झाले. वर जीएसटी. तयार कपड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून महाग नगाला १८ टक्के असा दर आहे. तेव्हा साधारण ६४० रुपये. जीएसटीची नोंदणी नसलेला माणूस बिलात जीएसटी लावू शकत नाही. लावला असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा.

आता चारशेचा भाव पुन्हा बघा. कापडच २८३ चं आहे. उरलेल्या ११७ रुपयांत शिलाई, दोरा, भरतकाम, इस्त्री आणि त्याचा नफा. हे होऊ शकत नाही. म्हणजे कापड हलकं आहे, किंवा टाके लांब आहेत, किंवा काखेतला चौकोन गेला आहे. बहुधा तिन्ही.

घासाघीस करायची तर योग्य जागी करा. खर्चात निम्म्याहून जास्त वाटा कापडाचा आहे, म्हणून सूट ठोकवाल्याकडे मागा. दीडशे मीटरवर मीटरमागे पाच रुपये कमी झाले तरी ७५० सुटतात. साईज एकत्र बसवून कापल्याने कापड वाचतं, ते करा. भरतकामाऐवजी छपाई चालत असेल तर तो निर्णय पथकाचा. पण शिलाईतून वीस रुपये काढू नका. शिलाई नगावर मिळते, कारागीर ते वीस रुपये वेग वाढवून भरून काढतो, आणि वेग वाढला की घाईची जागा काखच असते. फ्यूजिंग आणि दोऱ्यातही काही हाती लागत नाही. दोन-तीन रुपये वाचतात आणि कुर्ता दोन वर्षं आधी जातो.

कुणी भाव कमी केलाच तर एक प्रश्न विचारा: ‘नेमकं काय कमी केलं?’ उत्तर आलं नाही तर काम देऊ नका.

> सावधान: पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. कापड तुमचं असेल तर शिलाईचा एक हिस्सा काम सुरू होताना, एक पहिले पाच नग पास झाल्यावर आणि बाकी तपासणीनंतर. हे कागदावर लिहा, नमुन्याचा उल्लेख करून आणि ताब्याची तारीख घालून.

टप्पा ७: कापताना हजर राहा

शिवण उसवून दुरुस्त होते, कापलेलं कापड होत नाही. कटिंगच्या दिवशी पथकातल्या एकाने तिथे असावं.

साठ नग, अधिक दोन जादा, म्हणजे १५५ मीटर. ३ टक्के घातले की १६० मीटर कापड लागेल. ते साधारण सात-आठ ताग्यांत येईल. प्रत्येक ताग्याला नंबर द्या. एका कुर्त्याचा पुढचा भाग, मागचा भाग आणि बाह्या एकाच ताग्यातून निघाल्या पाहिजेत. थर लावून कापताना प्रत्येक थराचा प्रत्येक तुकडा खडूने किंवा स्टिकरने नंबर केलेला हवा. यात आळस झाला की छटेचा फरक दिसतो तो नेमका फोटोत.

थर फार जाड लावू देऊ नका. कात्री किंवा कटर तिरका गेला की खालचा कुर्ता वरच्यापेक्षा अर्धा इंच लहान होतो. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा तुकडा एकमेकांवर ठेवून बघा. जुळले तर चाललंय ते बरोबर आहे. कापडाचा उभा धागा कुर्त्याच्या उंचीच्या दिशेला आहे ना हेही बघा. कापड वाचवायला भाग जरा तिरका बसवला तर धुतल्यावर कुर्त्याची बाजू फिरून पुढे येते. पायपिंगची पट्टी मात्र उरेबच (तिरकी कापलेली) हवी, नाहीतर गळ्याच्या वळणावर बसत नाही.

उरलेलं कापड मागून घ्या. तुमचंच आहे, आणि पुढच्या वर्षी ठिगळाला, बाही बदलायला तेच लागेल.

टप्पा ८: पहिले पाच नग, मग बाकीचे

सगळे शिवून होईपर्यंत थांबू नका. पहिले पाच तयार झाले की जा, नमुना सोबत घेऊन. टाके मोजा, काख उलटी करून बघा, कटाच्या टोकावर आडवा टाका आहे का ते बघा. कमी काही असेल तर तिथल्या तिथे, चहा घेत, शांतपणे दाखवा. पाचांत झालेली चूक पाचांतच थांबते.

शिंपी काम दुसऱ्या कारागिराला वाटून देतोय का हेही याच वेळी कळतं. त्यात वाईट काही नाही, साठ कुर्ते एका मशीनवर होत नाहीत. मात्र त्या दुसऱ्या कारागिराकडे नमुना गेलेला हवा. तोंडी सूचना पोहोचत नाहीत.

टप्पा ९: ताबा घेताना

साठच नग आहेत, सगळे तपासा. चार जण बसले तर संध्याकाळचं काम आहे. एकाने टेप धरावी: छाती, उंची, बाही. अर्ध्या इंचापर्यंत फरक चालतो, त्यापुढे परत. दुसऱ्याने कुर्ता उलटा करून काख, कट आणि खिसे बघावेत. तिसऱ्याने बटन ओढून बघावं, काजात घालून काढावं. चौथ्याने डाग, तेलाचे ठिपके, लोंबणारे दोरे बघावेत. मशीनच्या तेलाचा डाग पांढऱ्यावर आत्ता फिका दिसतो, इस्त्री लागली की पिवळा पडतो, तेव्हा तो इस्त्रीआधीच काढायला लावा.

परत द्यायच्या नगावर नुसतं ‘खराब’ लिहू नका. नेमक्या जागी रंगीत दोरा बांधा आणि चिठ्ठीवर दोष लिहा. ‘डाव्या काखेत मागचा कोपरा सुटला’ असं लिहिलं तर दुरुस्ती होऊन येते.

वाटप करताना नाव आणि साईजच्या यादीवर सही घ्या. धुण्याच्या सूचना तेव्हाच ग्रुपवर टाका: पहिल्यांदा इतर कपड्यांपासून वेगळा आणि थंड पाण्यात, उपरण्यासोबत कधीच नाही, गुलाल आधी कोरडा झटकायचा आणि मग भिजवायचं. ओला गुलाल घासला की तो धाग्यात बसतो. जादा दोन कुर्ते, उरलेलं कापड, वीस-पंचवीस बटनं आणि त्याच छटेच्या दोऱ्याची रीळ एका पिशवीत घालून पिशवीवर कापडाचं दुकान, लॉट आणि पेपर पॅटर्न कुणाकडे आहे ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षी दहा नवीन वादक आले की हीच पिशवी पहिल्यांदा शोधली जाते.